ग्रामीण रुग्णालयातलं समुपदेशन : काय मिळतं, काय खटकतं, कुणी जावं

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मनाच्या आजारावर उपचार होतात, हे गावातल्या आशा वर्करनं सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी जिल्ह्याहून पथक येतं, त्यात मानसोपचारतज्ज्ञ असतात. समुपदेशक मॅडम मात्र दर आठवड्याला बसतात. सगळं जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून चालतं. मी तिथं बरेच महिने गेले आणि अजूनही अधूनमधून जाते. नेटवर पुण्या-नागपूरच्या खाजगी दवाखान्यांबद्दल भरपूर लिहिलेलं सापडतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या या खोलीबद्दल मला एक ओळ सापडली नाही, म्हणून लिहिते. गावाचं नाव देत नाही, कारण तिथं एकच मॅडम आहेत आणि त्या लगेच ओळखू येतील. यवतमाळ जिल्हा, एवढं पुरे.

मी कशासाठी गेले ते आधी सांगते, म्हणजे तुमचा त्रास त्या जातीचा आहे का हे तुम्हाला ठरवता येईल.

माझं गावात शिवणकाम आहे. ब्लाऊज, पिको-फॉल, शाळेचे गणवेश. घरची तीन एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर. माझे बाबा गेले त्यानंतर वर्ष-दीड वर्ष मी बरी होते. मग पहाटे तीनला जाग येऊ लागली. भूक गेली. महालक्ष्म्यांच्या तोंडावर बायका ब्लाऊजपीस आणून टाकत होत्या, मी मापं लिहून घेत होते आणि कापड तसंच गठ्ठ्यात ठेवत होते. घरातल्यांना वाटलं थकवा आहे. सासूबाईंच्या बहिणीनं "तिले बाहेरचं झालं" म्हणून सांगितलं, तेही करून झालं.

डोक्यात दोन गोष्टी चालायच्या. एक चित्र आणि एक प्रश्न.

चित्र जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या वॉर्डाचं. बाबांच्या आतड्यात अडथळा होता, सकाळी ऑपरेशन ठरलं होतं, तोंडानं काहीही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबा म्हणतात, "घोटभर पानी दे वो बाई." खाटेखालची निळी बादली, सलाईनचा स्टँड, त्यांचे फुटलेले ओठ. मी नाही म्हणते. ते पुन्हा मागतात. पहाटे ते गेले, ऑपरेशनच्या आधीच. हे चित्र मी आठवायला बसत नव्हते. ते आपोआप यायचं, मशीनवर, चुलीपाशी, एसटीत.

आणि चित्र विरलं की प्रश्न सुरू व्हायचा. काऊन नाही दिलं मी पाणी? माझ्याच वाट्याला असं काऊन? मी अशी काऊन आहे? चित्र काही मिनिटांचं असे, हा प्रश्न दुपारच्या दुपार खाऊन टाकायचा.

हे सगळं डोक्यात घेऊन मी गेले. केस पेपरला पैसे लागत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं. म्हणजे खर्च म्हणावा तर दिवसाच्या मजुरीचा, आणि तो कमी नाही, वेचणीच्या दिवसांत तर नाहीच.

आधी मॅडम एक प्रश्नावली वाचून दाखवतात. तिला पीएचक्यू-९ म्हणतात. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल. झोप, भूक, उत्साह, स्वतःबद्दल वाईट वाटणं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा त्याहून जास्त झाले की नैराश्याचा विचार करून नीट तपासतात. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तो त्यांनी आवाज न बदलता, झोपेबद्दल विचारावं तसाच विचारला. घरात इतके महिने सगळे त्या विषयाला वळसा घालून जात होते. कुणीतरी सरळ विचारलं याचाच मला आधार वाटला.

डॉक्टरांकडं मोजकी मिनिटं मिळतात. पण त्या मिनिटांत त्यांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला लावलं, कारण त्यांच्या गडबडीनंही असा थकवा येतो. रात्रीची एक गोळी दिली. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही, हे दोनदा सांगितलं. गोळीनं माझी झोप सुधारली. माझ्या मते झोप सुधारली नसती तर पुढचं काहीच जमलं नसतं. "गोळ्यांची सवय लागते" म्हणून समुपदेशनच हवं असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की मला दोन्ही लागलं.

आता मॅडमबद्दल. या सेवेत सगळ्यात मोलाचं काही असेल तर त्यांचं विचारणं.

मला वाटलं होतं त्या म्हणतील, मन मोकळं करा. किंवा गावातल्या सगळ्यांसारखं, "लय इचार नको करू, इसरून जाय." त्यातलं काहीच त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "ताई, काल हे विचार कधी सुरू झाले? तुम्ही कुठं बसला होता? हातात कोणतं काम होतं? किती वेळ चाललं? थांबलं ते कशानं?" मला एकाचंही उत्तर येईना. मी म्हटलं, दिवसभरच चालतं. त्यांनी मान हलवली आणि लेकरांची असते तशी एक वही घ्यायला सांगितली. विचार सुरू झाले की वेळ, जागा, हातातलं काम लिहायचं. विचार काय होते ते लिहायचं नाही.

दोन आठवड्यांच्या नोंदी घेऊन बसलो तेव्हा जे दिसलं ते मी कधीच पाहिलं नव्हतं. कापड बेतताना आणि कापताना एकही नोंद नव्हती. गिऱ्हाईक समोर असताना नव्हती. वावरात निंदताना होती, पण सोबत बायका असल्या की कमी. जवळजवळ सगळ्या नोंदी दुपारी दोन ते चारच्या होत्या आणि काम एकच, सरळ शिलाई. पाय चालतात, हात कापड सरकवतात, डोकं मोकळं असतं. त्यात दुपारची वेळ, घरात कुणी नाही. मग आम्ही कामाचा क्रम बदलला. बेतणं-कापणं, जिथं चूक झाली तर कापड वाया जातं आणि म्हणून लक्ष द्यावंच लागतं, ते दुपारी. सरळ शिलाई सकाळी, घरात माणसं असताना. हातशिलाईचं काम शेजारच्या ओसरीवर नेऊन बसायचं. इतकं साधं. पण त्या एका बदलानं माझ्या दुपारा परत मिळाल्या.

मी बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं. तेव्हा पाठ केलेल्या व्याख्या विसरून गेले. पण बरं वाटू लागल्यावर कुतूहल जागं झालं. मुलगी सेवाग्रामला नर्सिंग शिकते. तिनं मोबाईलवर संशोधनाचे लेख काढून दिले, इंग्रजी अडलं की ती सांगायची. वाचत गेले तसं मॅडम हवेत काही करत नव्हत्या हे कळत गेलं. तेच दुःख आणि त्याची कारणं, परिणाम मनात पुन्हा पुन्हा घोळवत बसणं, याला संशोधक रुमिनेशन म्हणतात. एडवर्ड वॉटकिन्स आणि सुझन नोलेन-होक्सेमा या दोघांच्या २०१४ मध्ये छापून आलेल्या लेखात मांडलंय की हे घोळवणं पुढं सवय होऊन बसतं आणि ठराविक जागा, वेळ, मनःस्थिती मिळाली की आपोआप सुरू होतं. म्हणून नुसतं समजावून ते सुटत नाही, भोवतालची परिस्थिती बदलावी लागते. माझी दुपारची मशीन म्हणजे तीच परिस्थिती.

नोलेन-होक्सेमाबाईंचं काम मला फार जवळचं वाटलं. त्या अमेरिकेतल्या, २०१३ साली वारल्या. त्यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांकडून, मन खट्टू झालं की तुम्ही काय करता, अशी प्रश्नावली भरून घेतली होती. योगायोग असा की त्यानंतर दोन आठवड्यांत, १७ ऑक्टोबर १९८९ ला, तिकडं लोमा प्रिएटाचा मोठा भूकंप झाला. त्यांनी त्याच विद्यार्थ्यांना भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि सात आठवड्यांनी पुन्हा तपासलं. ज्यांना आधीपासून घोळवत बसायची सवय होती त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त निघाली, आधीची मनःस्थिती हिशेबात धरूनसुद्धा. भूकंप सगळ्यांवर आला होता. म्हणजे संकटाइतकीच, संकटानंतर मन धरतं ती वाट महत्त्वाची. सरासरीनं बायकांमध्ये ही सवय पुरुषांपेक्षा जास्त दिसते हेही त्यांच्याच कामातून पुढं आलं.

दुसरा प्रयोग मी आमच्या बचत गटात सांगितला, इतका तो मला पटला. सोनिया ल्युबोमिर्स्की आणि नोलेन-होक्सेमा यांचा, १९९५ चा. खिन्न असलेल्या काहींना फक्त आठ मिनिटं स्वतःच्या भावनांबद्दल विचार करायला लावलं, काहींना आठ मिनिटं भलत्याच गोष्टींकडं लक्ष वळवायला. मग रोजच्या जगण्यातल्या अडचणी दिल्या आणि उपाय विचारले. स्वतःत गुंतलेल्यांचे उपाय कमी कामाचे निघाले. लक्ष वळवलेले खिन्न लोक मात्र खिन्न नसलेल्यांच्या बरोबरीनं उपाय सांगत होते. घोळवताना वाटतं आपण प्रश्नाच्या मुळाशी चाललोय. मला तर ते कर्तव्यच वाटायचं. बाबांबद्दल विचार करायचा थांबवला तर मी त्यांना सोडून दिलं असं होईल. प्रत्यक्षात त्या आठ मिनिटांत डोकं मंद होतं, आणि मी तासन्‌तास तेच करत होते.

मॅडमनी यावर एक कसोटी दिली. विचार सुरू झाला की दोन मिनिटं चालू द्यायचा, मग स्वतःला विचारायचं: यातून काही उपाय निघाला? काही नवं कळलं? स्वतःला दोष देणं थोडंतरी कमी झालं? तिन्हींना नाही असेल तर उठायचं आणि अंग हलेल असं काम धरायचं. सोबत प्रश्नाची तऱ्हा बदलायची. "मी अशी काऊन?" या प्रश्नाला बूड नाही. त्याऐवजी, आत्ता नेमकं काय झालं, कशापाठोपाठ काय झालं, आता पुढचं पाऊल कोणतं. वॉटकिन्स यांचं बरंच काम याच फरकावर उभं आहे. ढोबळ, सगळ्या आयुष्याला लागू होणारा विचार नैराश्य वाढवतो, नेमका आणि तपशिलातला विचार त्यातून बाहेर काढतो. गोळ्या घेऊनही नैराश्य पुरतं न गेलेल्या ४२ जणांवर त्यांनी अशा उपचाराची चाचणी घेतली, ती २०११ ला छापून आली. नेहमीच्या उपचारांना याची जोड मिळाली ती माणसं जास्त सुधारली.

हे सगळं झाल्यावर, बऱ्याच उशिरानं, मॅडमनी चित्राला हात घातला. आधी घातला असता तर मी जाणं बंद केलं असतं. त्या म्हणाल्या, "ताई, ती रात्र मला सावकाश सांगा. समोर घडतंय तशी." मी सांगितली, बादली, स्टँड, ओठ, पाणी, नाही म्हटलं. तिथं थांबले. चित्र तिथंच संपायचं, दर वेळी.

त्या म्हणाल्या, "मग पुढं काय झालं?"

मी म्हटलं पुढं ते गेले. त्या म्हणाल्या, "ते पहाटे. त्याआधी? पाणी मागितल्यावर तुम्ही उठलात की बसलात?" मी उठले होते. "कुठं गेलात?" सिस्टरकडं. "त्या काय म्हणाल्या?" सिस्टरनं वाटीत पाणी आणि कापसाचा बोळा दिला होता. पिऊ देऊ नका, ओठ ओले करा म्हणाली होती. मी रात्रभर बाबांचे ओठ ओले करत बसले होते. ते मधे एकदा म्हणाले होते, "बरं वाटलं."

हे मी विसरले होते असं नाही. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण ते चित्रात नव्हतं. चित्र पाण्याच्या शब्दावर तुटायचं, आणि मी माझा सगळा निवाडा त्या तुटलेल्या तुकड्यावर करत होते. त्या दिवशी मी खूप रडले. पण ते रडणं दुपारच्या रडण्यासारखं नव्हतं, थोड्या वेळानं ते संपलं.

पुढं मॅडमनी सांगितलं ते असं: चित्र आलं तर येऊ द्या, हाकलू नका, फक्त ते बोळ्यापर्यंत न्या. हाकलण्याचा खटाटोप अंगावर येतो हे डॅनियल वेगनर यांनी १९८७ मध्येच दाखवलं होतं. लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हटलं, तरी तो येत राहिला, आणि नंतर मोकळीक दिल्यावर तर इतरांपेक्षा जास्त आला. नैराश्यातल्या अशा घुसणाऱ्या आठवणींवर लंडनमध्ये ख्रिस ब्रूइन यांनी खूप काम केलंय. अशा आठवणी फक्त मोठ्या आघातानंतर येतात असं आधी धरलं जायचं. नैराश्याच्या रुग्णांनाही त्या येतात, अगदी ठसठशीत, आणि बऱ्याचदा त्या घरच्यांच्या आजारपणाच्या, मरणाच्या, नात्यातल्या तंट्याच्या असतात. ऑस्ट्रेलियातल्या मिशेल मोल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गाठ सोडवली. आठवण किती वेळा येते एवढ्यावरच सगळं ठरत नाही, ती येण्याचा अर्थ माणूस काय लावतो यावरही बरंच ठरतं. "ही आठवण येते म्हणजे माझ्यातच काही खोट आहे" असं वाटणाऱ्याचं नैराश्य जास्त असतं. मी अगदी तोच अर्थ लावून बसले होते.

ब्रूइन यांच्या गटानं २००९ मध्ये दहा रुग्णांवर एक उपचार करून पाहिला. त्रास देणारं दृश्य मनात उभं करायचं आणि तज्ज्ञाच्या मदतीनं त्यात हस्तक्षेप करून ते पुढं न्यायचं. सरासरी आठेक बैठकांमध्ये बहुतेकांना फरक पडला आणि तो वर्षभरानंतरही टिकला. दहा माणसं म्हणजे फार लहान आकडा, त्यावर मोठं विधान करता येणार नाही. मॅडमनी माझ्याबाबतीत केलं ते त्याहून साधं होतं, जे घडलं होतं तेच पुरतं सांगायला लावलं. आणि हे वाचून कुणी घरी एकट्यानं करायला बसू नये, असं मी कळकळीनं सांगते. मला ते जमलं कारण समोर माहीतगार माणूस होतं आणि झोप ताळ्यावर आली होती.

एक गोष्ट इथं लिहायलाच हवी, कारण बायका मला विचारतात की बोलायचंच आहे तर आपल्याच माणसाशी का नाही. माझी जाऊ माझी जिवाभावाची आहे. आम्ही दोघी दुपारी बसून हेच बोलत होतो, रोज. ती रडायची, मी रडायचे. माया वाढली, त्रासही वाढला. अमांडा रोज यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींवर अभ्यास केला, त्यात हेच निघालं. दोघींनी मिळून एकच दुःख उगाळत राहिलं तर मैत्री घट्ट होते आणि सोबत खिन्नता आणि काळजीही जास्त दिसते. मॅडमशी बोलणं वेगळं होतं ते या कारणानं. त्या माझ्यासोबत फिरत बसल्या नाहीत, दर वेळी "मग पुढं?" म्हणत राहिल्या. आता जाऊबाई आणि मी दुपारी बसतो ते साड्यांना फॉल लावायला.

आता जे खटकतं ते. ते थोडं नाही.

समुपदेशनाच्या खोलीला दार आहे, पण ते लागत नाही. बाहेर इंजेक्शनची रांग. आत कुणी रडलं की रांग आत बघते. खिडकीवरचा माणूस केस पेपर काढताना मोठ्यानं विचारतो, "मानसिकचं का?" आमच्या भागात त्या एका वाक्यानं सोयरीक मोडू शकते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, त्याच्या कलम २३ नं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. तो हक्क एका कडीवर आणि खिडकीवरच्या माणसाला दिलेल्या दोन वाक्यांच्या समजेवर अडलाय. मी लेखी अर्ज दिला. त्यानंतर पडदा लागला, कडी अजून नाही.

डॉक्टरांच्या दिवशी गर्दी मरणाची असते, कारण त्याच दिवशी दिव्यांग प्रमाणपत्राची माणसंही येतात. सकाळी गेलेली बाई दुपारची बस चुकवते. गोळ्या बहुतेक वेळा मिळतात, पण एकदोनदा संपल्या होत्या आणि बाहेरून घ्याव्या लागल्या. ज्याच्याकडं पैसे नसतील तो त्या महिन्यात गोळी सोडेल, आणि या गोळ्या अशा सोडणं बरं नाही. मॅडम कंत्राटावर आहेत. त्या गेल्या तर काय, याचं उत्तर तिथं कुणाकडं नाही.

आणि पुरुष. बाकावर बायकाच दिसतात. नवरे मोटारसायकल घेऊन फाटकाबाहेर उभे असतात. त्यांच्यातल्या कित्येकांना आत यायची गरज आहे असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटतं. नापिकीनं, कर्जानं ज्यांची झोप उडाली त्यांच्यासाठी ही खोली बायकांइतकीच आहे. वेळ संध्याकाळची ठेवली किंवा मॅडम महिन्यातून एकदा ग्रामपंचायतीत बसल्या तर ते येतील, असं माझं मत आहे.

हे माझं स्वप्नरंजन नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला होता. गावातलेच शिकवून तयार केलेले कार्यकर्ते, वर समुपदेशक, त्याच्या वर डॉक्टर. त्याचा अहवाल २०१७ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या नियतकालिकात आला. आधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक उपचारासाठी कुणाकडं तरी जात होते, प्रकल्पानंतर ते २७.२ टक्क्यांवर गेले. आपल्याच मातीत, आपल्याच बोलीत हे झालंय. गोव्यातही शिकवून तयार केलेल्या साध्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत नैराश्याच्या रुग्णांना बरं वाटायला मदत केली, तोही अभ्यास २०१७ चाच. त्यात भर होता तो माणसाला पुन्हा हालतं-करतं करण्यावर. माझ्या मॅडमनी कामाचा क्रम बदलायला लावला तो त्याच वाटेवरचा. त्यामुळं "तालुक्याला कसली आली तज्ज्ञ माणसं" असं म्हणून घरी बसू नका. या दुखण्याला नीट विचारणारं माणूस लागतं, ते तालुक्याला मिळू शकतं.

गुण द्यायचे तर मॅडमना पाचपैकी पाच, डॉक्टरांना चार, कारण वेळ कमी पण जे सांगितलं ते नेमकं. व्यवस्थेला दोन. लागणारं दार मिळालं तर मी तीन करेन.

कुणी जावं? ज्यांना एकच प्रसंग पुन्हा पुन्हा दिसतो, ज्यांची दुपार किंवा पहाट एकाच प्रश्नात जाते, ज्यांना दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक नाही, त्यांनी जावं. ज्यांना एका भेटीत मोकळं व्हायचंय त्यांची निराशा होईल. पहिल्या दोन-तीन भेटींत वही भरण्यापलीकडं काही होत नाही असं वाटतं, तेवढं धीरानं घ्यावं.

जाताना आधार कार्ड आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, बीपी-शुगरचीसुद्धा. डॉक्टरांच्या दिवशी दहाच्या आत नंबर लावा. समुपदेशनासाठी डॉक्टरांचा दिवस सोडून जा, मॅडमना तेव्हा वेळ असतो. घरच्यांपैकी कुणाला आत घ्यायचं हे तुम्ही ठरवायचं, मॅडम तसं विचारतात. मुलाबाळांना नेऊ नका, सांभाळायला तिथं कुणी नाही. जुना केस पेपर जपून ठेवा, नाहीतर सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

आणि जीव नकोसा वाटत असेल तर ठरलेल्या दिवसाची वाट पाहू नका. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेला. फुकट आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं. जवळ कुणी तसं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका, घरातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि त्याला घेऊन थेट दवाखान्यात जा, रात्र असली तरी.